सांडपाण्यातील प्रतिजैविके आणि प्रकाश

प्रश्न : औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविके उत्प्रेरक आणि सूर्यप्रकाश यांनी नष्ट होतात, हे खरे आहे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : खरे आहे, आणि याची निकड मोठी आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जिवाणूच तगतात, ही खरी चिंतेची बाब आहे.

भिंतीच्या पांढऱ्या रंगात असणारी टायटॅनियम डायऑक्साइडची पूड हाच इथला उत्प्रेरक; ती पाण्यात ढवळून तिच्यावर अतिनील प्रकाश पाडला, की तिच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल मूलके (ऑक्सिजन-हायड्रोजनचे अतिशय क्रियाशील कण) तयार होतात आणि ती औषधाच्या रेणूचे तुकडे करतात. मात्र या पुडीला साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो, जो सूर्यप्रकाशात जेमतेम ४-५ टक्के असतो. म्हणून दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या ग्राफिटिक कार्बन नायट्राइड या कार्बन-नायट्रोजनच्या उत्प्रेरकाकडे संशोधक वळले आहेत.

प्रत्यक्षातले सांडपाणी गढूळ असते, त्यातील इतर सेंद्रिय द्रव्ये ही मूलके आधीच खर्च करून टाकतात, आणि दुधासारखी मिसळलेली बारीक पूड पुन्हा गाळून काढणे जिकिरीचे असते. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूला जोडलेले पिपरेझिन वलय तुटले तरी क्विनोलोनचा गाभा, म्हणजे जिवाणूंना मारणारा मुख्य भाग, शिल्लक राहू शकतो, म्हणून केवळ मूळ औषध दिसेनासे झाले यावर न थांबता शुद्ध केलेले पाणी जिवाणूंवर तपासून पाहायलाच हवे.