सोलापूरहून सोनापूरला जायच्या आधी

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. आयटीआय इलेक्ट्रिशियन, वय २४, चिंचोळी एमआयडीसीत १५ हजारावर काम, आणि एजंट म्हणतोय की दीड लाख दे, विझिट व्हिसावर दुबईला जा, तिथं पोचल्यावर कंपनी व्हिसा कन्व्हर्ट करून देते, पगार १५०० दिरहम. शेवटी हळूच हे पण विचारलंस की मामांचे टॉवेलचे लूम आहेत तर तिकडं साईडला टॉवेलचा धंदा होईल का. दोन्हीचं सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बस.

मी २००८ ला गेलो आणि २०१९ ला कायमचा परत आलो. माझं पण आयटीआय, माझा पण एजंट, फक्त माझा मुंबईचा होता. त्यानं सांगितलं इलेक्ट्रिशियन, १२०० दिरहम. तिकडं उतरल्यावर हातात जो कागद आला त्यावर हेल्पर लिहिलेलं आणि बेसिक ७००, जेवणाचे १५० वेगळे. सही करायची नाही म्हटलं तर कंपनीच्या माणसानं शांतपणे विचारलं, परतीचं तिकीट आहे का तुझ्याकडं? नव्हतं. घरी आईच्या पाटल्या सराफाकडं ठेवून आलेलो. केली सही.

रात्री गाडीनं सोनापूरला सोडलं. दुबईतला कामगारांचा मोठा एरिया आहे तो, शारजाच्या बाजूला, सरकारी नाव मुहैसना २ पण सगळे सोनापूरच म्हणतात. मुंबईत जुनी माणसं स्मशानाला सोनापूर म्हणायची हे मला नंतर एका रत्नागिरीच्या काकांनी सांगितलं आणि खोखो हसले, मला काय हसू आलं नाही. खोलीत आठ जण, लोखंडी बंकबेड, मला वरचा मिळाला. प्रत्येकानं आपल्या बेडला चादरीचा पडदा लावलेला, कारण तेवढीच काय ती आपली स्वतःची जागा. मी आईनं दिलेली लाल चौकड्याची सोलापुरी चादर लावली. जाड असल्यामुळं ट्यूबलाईटचा उजेड अडायचा, नाईट शिफ्टवाल्यांनी मग मागून मागून मला सुट्टीवरून येताना चादरी आणायला लावल्या. एक सांगतो, सोलापूरकराला तिथं भाषेचा फायदा होतो. कॅम्पात निजामाबाद, करीमनगरची लई माणसं, आणि सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत वाढलेल्याला तेलुगू कानावर असतंच. ओळखी पटकन होतात, आणि कुठली कंपनी पगार वेळेवर देते ही खबर ओळखीतूनच कळते.

आता तुझ्या कागदाचं बघू. विझिटवर जाऊन व्हिसा बदलतच नाही असं नाही, स्टेटस चेंज म्हणून प्रकार खरंच आहे आणि होतो पण. पण तो कधी, तर खऱ्या कंपनीनं खरी ऑफर देऊन तुझं वर्क परमिट काढलं तर. तुझा एजंट कंपनीचं नावच सांगेना, म्हणजे ऑफर नाही, तो तुला तिथं नेऊन सोडणार आणि मग तू दारोदार सीव्ही घेऊन फिरणार. विझिट ३० किंवा ६० दिवसाचा. त्यावर काम करणं बेकायदा. मुदत संपली की दिवसाला ५० दिरहम दंड. कुणी "महिनाभर ट्रायलवर काम कर, मग बघू" म्हणतो, महिना झाला की म्हणतो जमेना तुझं, आणि तू तक्रार कुठं करणार, तूच बेकायदा. हे माझ्या डोळ्यासमोर तीन पोरांबरोबर झालंय, त्यातला एक अक्कलकोटचा, त्याच्या तिकिटाला आम्ही खोलीत वर्गणी काढली.

एजंटांना विझिट का आवडतो ते पण समजून घे. दहावी न झालेल्या माणसाचा पासपोर्ट ईसीआर असतो, त्याला गल्फसकट १८ देशांत कामाला जायचं तर सरकारी क्लिअरन्स लागतो, १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली. ते आता ई-मायग्रेट पोर्टलवर होतं, त्यात कंपनी, करार, पगार सगळं दाखवायला लागतं, आणि प्रवासी भारतीय विमा पण काढावा लागतो, १० लाखाचं कव्हर, दोन वर्षाला २७५ रुपये, म्हणजे एका जेवणाचे पैसे. विझिटवर पाठवलं की हे सगळं टळतं. तू दहावी पास म्हणजे तुला क्लिअरन्स लागत नाही, बरोबर, पण त्याचा अर्थ असाही होतो की विमानतळावर तुला अडवून "बाळा हा करार कुठाय" विचारणारं कुणी नाही. ते तुझं तुलाच विचारायला लागतंय.

आणि दीड लाख कशाचे बे? नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, म्हणजे ३५,४०० झाले, त्याची पावती द्यायला लागते. युएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचाच नाही असं लिहिलंय, व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी सगळं कंपनीचं. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेटवर उघडी आहे, मोबाईलवर दिसते. "आमचं मुंबईच्या मोठ्या ऑफिसशी टायअप आहे" हे चालत नाही, सब-एजंट नावाची गोष्टच कायद्यात नाही.

दीड लाख व्याजानं उचलणार असं लिहिलंस, महिना शेकडा तीननं. वही काढ. पगार १५००. राहणं कंपनीचं धरू. स्वतः स्वयंपाक केलास तरी ४०० ते ४५० जातात, मोबाईल, साबण, केस कापणं, कधी सुट्टीच्या दिवशीची बिर्याणी धरून अजून शंभर दीडशे. राहिले साडेनऊशे. दिरहम २३ रुपयांचा धरला तर २२ हजाराच्या आसपास. घरी १० हजार दिलेस तर कर्जाला १२, आणि पहिल्या महिन्याचं व्याजच साडेचार हजार. मी मांडून बघितलं, दीड लाख फिटायला १६ महिने लागतात, दोन वर्षाच्या करारातले १६. आणि हे एक दिवस पण आजारी न पडता. तेच ३५ हजारात गेलास तर चौथ्या महिन्यात तू मोकळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला पाच वर्षं कळलं नाही. पगार किती हे विचारू नको. बेसिक किती विचार. एजंट १५०० म्हणतो तेव्हा त्यात बेसिक ९०० आणि बाकी अलाउन्स असू शकतो. महिन्याला हातात तेवढेच येतात म्हणून पोरं गप बसतात. पण ओव्हरटाईम बेसिकवर निघतो, तासाच्या बेसिकवर २५ टक्के जादा. ९०० ला ३० नं भाग, ८ नं भाग, पावणेचार दिरहम तास, त्यावर २५ टक्के म्हणजे ४.६९. बेसिक १५०० असतं तर ७.८१. रोज दोन तास ओव्हरटाईम करणाऱ्याला महिन्याला दीडशेच्या वर फरक पडला की. ग्रॅच्युइटी पण बेसिकवरच, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांची, नंतर ३० दिवसांची. ९०० वर पाच वर्षाचे ३१५०, १५०० वर ५२५०. मी २०१९ ला हिशोब घेतला तेव्हा कारकून कॅल्क्युलेटरवर बोट ठेवून ७०० च टाईप करायला लागला, माझं बेसिक मधे वाढून ११०० झालेलं, ती वाढीची लेटर मी जपून ठेवलेली म्हणून वाचलो. कागद फेकू नको कुठलाच.

तर ऑफर लेटर मागायचं, नुसतं कंपनीच्या लेटरहेडवरचं नाही, तिथल्या कामगार मंत्रालयाच्या, म्हणजे मोहरेच्या सिस्टिममधून निघालेलं, त्यावर नंबर असतो. त्यात हुद्दा इलेक्ट्रिशियनच पाहिजे. बेसिक वेगळं लिहिलेलं पाहिजे. त्याच अटी पुढं करारात यायला पाहिजेत, कमी करता येत नाहीत. प्रोबेशन सहा महिन्याच्या वर नाही. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घ्यायचा नाही, मागितला तर "कॉपी देतो" म्हणायचं, गोड बोलून. पगार बँकेतून किंवा कार्डावर येतो, डब्ल्यूपीएस म्हणतात, २००९ पासून आहे, कॅश देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं, सोलापूरच्या मे महिन्याची सवय आहे म्हणून फुशारकी मारू नको, तिथं उन्हाबरोबर समुद्राची दमट हवा असते, कोरडं ऊन वेगळं. अडचण आलीच तर परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, घरच्यांना आत्ताच दाखवून ठेव, तिथं अडकल्यावर तक्रार घरच्यांनीच टाकायला लागते बहुतेक वेळा.

आता टॉवेल. हा माझ्या आवडीचा विषय, कारण यात मी स्वतः तोंडावर पडलोय. २०१४ च्या सुट्टीत चुलतभावाच्या कारखान्यातले सहा टॉवेल सॅम्पल म्हणून नेले, दुबईच्या देरा भागातल्या मुर्शिद बाजारात एका होलसेलवाल्याकडं गेलो. त्यानं टॉवेल हातात घेतला, उलटा केला, एक लूप नखानं ओढून बघितला, आणि विचारलं जीएसएम किती, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. मी म्हटलं ५००, भावानं तसंच सांगितलेलं. तो काय बोलला नाही, टेप लावली, ७० बाय १४० सेंटीमीटर, मग काउंटरवरच्या काट्यावर टाकला. ४३० ग्रॅम. तेवढ्या मापाचा ५०० जीएसएम टॉवेल ४९० ग्रॅम भरायला पाहिजे. कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला, ४३९ आलेलं. मग चहा पाजला आणि म्हणाला कराचीचा माल बघ, जे लिहितात ते भरतं. कानात वितळलेलं शिसं ओतल्यागत झालं. आपला माल वाईट नव्हता रे, डॉबी, म्हणजे विणलेली किनार, छान होती, रंग पक्का होता, पण घरात डझनावर आणि किलोवर विकायची सवय, कुणी काट्यावर टाकून विचारलंच नव्हतं कधी.

म्हणून मामांना पहिलं हेच सांग, दहा टॉवेल दहा वेगवेगळ्या लॉटमधले काढा, मोजा, तीनदा धुवा, परत मोजा. दहाचं वजन एकसारखं येत नसेल तर दुबई सोडा, पुण्याचं हॉटेल पण घेणार नाही.

माल बसला तर मात्र आत्ताचा काळ माझ्या वेळेपेक्षा बरा आहे. १ मे २०२२ पासून भारत-युएई सेपा हा व्यापार करार लागू आहे, कापडाच्या मालावरची ५ टक्के ड्युटी शून्य झाली, फक्त सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातला असल्याचा दाखला, लावायला लागतं. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, ५०० रुपयात ऑनलाईन निघतो, मामांच्या फर्मच्या नावावर काढा. म्हणजे सुरुवातीला दुबईत कंपनी उघडायची गरजच नाही, माल सोलापुरातून न्हावाशेवा मार्गे दुबईच्या जेबेल अली बंदराला जातो, बिल मामांचं. तिथं आपल्याकडचे लोक अजून सांगतात की अरबी पार्टनरला ५१ टक्के द्यावे लागतात, ते २०२१ पासून बहुतेक धंद्यांना नाही. पण तिथं कंपनीच्या लायसनचं पॅकेज घेणं सोपं, बँकेत खातं उघडून घेणं अवघड, आणि वर्षाला रिन्यूअल आहेच. पैसे अडकायची जागा वेगळीच आहे, तिथं ९० दिवसाच्या पुढच्या तारखेचे चेक देतात आणि गिऱ्हाईक गोड बोलतो. पहिल्या दोन कन्साइनमेंट निम्मे ॲडव्हान्सवरच, आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात उधारीचा विमा काढल्याशिवाय उधारी नाही. मामा म्हणतील कशाला फुकट प्रीमियम. चुलतभाऊ पण असंच म्हणालेला, त्याचे चार लाख अजून यायचेत.

आणि एक, इलेक्ट्रिशियनच्या व्हिसावर राहून तू स्वतः टॉवेल विकत फिरायचं नाही, कॅम्पात पण नाही, पकडलं तर नोकरी पण जाईल. सुट्टीच्या दिवशी सॅम्पल दाखवून ये, ऑर्डर मामांच्या ईमेलवर. तेवढं पण चालतं का ते आधी तिथं विचारून घे.

तर उद्या एजंटला दोनच गोष्टी विचार. तुमचा नोंदणी नंबर काय, आणि ऑफर लेटरवर बेसिक किती. बाकी गप ऐकून घे. काय म्हणाला ते लिही इथं, कागद दिला तर नाव-नंबर झाकून फोटो टाक, बघू.