बरा झालाय, पण जागा कुठे?

जानेवारी आला की आमच्याकडे ओंटारिओत आइस हॉकीचा हंगाम निम्म्यावर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोडलेली हाडं एव्हाना जुळलेली असतात आणि मुलं परत रिंकवर दिसायला लागतात. या वेळच्या टपालात म्हणूनच बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: दुखापतीतून परत आलेल्याला कुठली जागा द्यायची आणि ती कुणाकडून काढून घ्यायची. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुलांच्या संघांबरोबर काम करते, आणि हा प्रश्न दर हंगामात कुठल्या ना कुठल्या ड्रेसिंग रूममध्ये माझ्यासमोर येतो. तेव्हा यातली निवडक पत्रं घेते.

ताई, माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. नोव्हेंबरमध्ये त्याचं डावं कॉलरबोन मोडलं. आठ आठवड्यांनी डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. आधी तो पहिल्या लाइनीत (पुढे खेळणाऱ्या तिघांच्या पहिल्या तुकडीत) सेंटर, म्हणजे मधला खेळाडू, होता. आता कोचनी त्याला तिसऱ्या लाइनीत लेफ्ट विंगला (डाव्या कडेला) टाकलंय आणि पॉवर प्लेमधूनही (समोरच्या संघाचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळातूनही) काढलंय. पोरगा घरी आला की कुणाशी बोलत नाही. मी कोचशी भांडू का? — एक आई, ब्रॅम्प्टन

भांडू नका, पण भेटा. आणि भेटण्याआधी एक सराव नीट बघा.

डॉक्टरांची परवानगी म्हणजे एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं आणि खांदा नीट हलतोय, एवढंच. दोन महिने बर्फावर नसलेल्या पायांबद्दल त्या कागदावर काही लिहिलेलं नसतं. चौदाव्या वर्षी मुलगा अशा वयोगटात असतो, जिथे स्पर्धात्मक संघांमध्ये बॉडी चेकिंग, म्हणजे अंगाने अंगाला धक्का देणं, नुकतंच सुरू झालेलं असतं. म्हणजे जे त्याला अजून पुरतं अंगवळणी पडलेलं नाही, त्याच गोष्टीला त्याला मोडलेला खांदा घेऊन सामोरं जायचं आहे.

मी काय बघते ते सांगते, तुम्हीही तेच बघा. रिंकच्या कोपऱ्याजवळ उभ्या राहा. पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, कोपऱ्यात गेला आणि तुमचा मुलगा आणि दुसरा एक मुलगा त्याच्या मागे धावले की फक्त खांदा आणि पाय बघायचे. खांद्यावर भरवसा असलेला मुलगा तिरका येतो, शेवटपर्यंत पाय चालू ठेवतो आणि डावा-उजवा असा भेद न करता खांदा समोरच्याला टेकवतो. ज्याच्या मनात धास्ती आहे तो बोर्डच्या, म्हणजे रिंकभोवतीच्या कुंपणाच्या, दोन-तीन फूट अलीकडे थबकतो, पाठ वळवतो आणि काठी लांब करून पक ओढायला बघतो. हे पाठ वळवणं सगळ्यात वाईट. मागून धक्का बसला तर डोकं सरळ बोर्डवर जातं. खांदा वाचवायच्या नादात मान जाते. तुमचा मुलगा डाव्या बाजूच्या कोपऱ्यात एक करतो आणि उजव्या बाजूला दुसरं, असं दिसलं, तर तो अजून तयार नाही. मग तो कितीही म्हणू दे की "आई, अजिबात दुखत नाही". दुखत नसतंच. भीती असते, आणि ती त्याला स्वतःला कळलेली नसते.

म्हणून तिसरी लाइन मला पटते. मिनिटं कमी, समोरची लाइन जरा हलकी, दम परत यायला वेळ. कोचनी इथपर्यंत बरोबर केलंय.

विंगचं मात्र मला पटत नाही. सेंटरला पळणं जास्त, म्हणून थकलेल्या पोराला विंगला टाकायचं, असा बऱ्याच कोचचा हिशेब असतो. पण आपल्या झोनमधून पक बाहेर काढताना विंगर कुठे उभा असतो? बोर्डला चिकटून, बऱ्याचदा पाठ बोर्डकडे करून, पासची वाट बघत. समोरचा डिफेन्समन नेमका तेव्हाच त्याच्या अंगावर येतो. डाव्या विंगेला असलेल्या, डावा खांदा नुकताच जुळलेल्या मुलाला हे रोज झेलायला लावण्यापेक्षा त्याला सेंटरलाच ठेवा आणि शिफ्ट, म्हणजे एका खेपेला बर्फावर राहायचा वेळ, आखूड करा. सेंटरला निदान समोरून येणारा माणूस दिसतो.

आणि पॉवर प्ले तर मी आधी परत दिला असता. समोरच्या संघाचा एक खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये, त्यामुळे बर्फावर जागा मोकळी, धक्काबुक्की कमी, पक हाताळायला वेळ जास्त. परतलेल्या मुलाचे हात आणि नजर पुन्हा जुळायला याहून चांगली जागा नाही. कोचना नेमकं हेच विचारा: लाइन तिसरी राहू दे, पण त्याला सेंटरला ठेवून पॉवर प्लेची थोडी मिनिटं देता येतील का? आणि पुढचा निर्णय कधी, काय बघून घेणार? कोच चांगला असेल तर त्याच्याकडे उत्तर तयार असेल.

मुलाला गप्प बसवणारी गोष्ट तिसरी लाइन नसते, माझ्या अनुभवात. त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं, तो फळ्यावर नाव वाचतो आणि मनाशी ठरवतो की आपलं संपलं. कोचना विनंती करा की हे त्यांनी स्वतः त्याच्याशी बोलावं, तुमच्यामार्फत नको. आणि आता पहिल्या लाइनीत सेंटरला खेळणारा जो मुलगा आहे, त्याच्याबद्दल घरात वाकडं बोलू नका. त्याने जागा चोरलेली नाही, रिकामी जागा सांभाळली आहे.

मुलीच्या डोक्याला शनिवारी मार लागला. आता डोकं दुखत नाही म्हणते. या शुक्रवारी तिच्या संघाची मोठी मॅच आहे, कोचना गोलसमोर तीच हवी आहे. पाठवू का? — एक बाबा, वॉटरलू

नाही. डोक्याच्या माराला मॅच मोठी की छोटी हे कळत नाही. मेंदूला हादरा बसल्यावर परतायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी हलका व्यायाम, मग स्केटिंग, मग धक्क्याशिवाय सराव, प्रत्येक पायरीला किमान 24 तास, आणि धक्क्याच्या सरावाआधी डॉक्टरांची लेखी परवानगी. लक्षणं परत दिसली तर एक पायरी मागे. ओंटारिओत यासाठी 2018 पासून 'रोवन्स लॉ' नावाचा कायदाच आहे, डोक्याला वारंवार मार बसून गेलेल्या एका सतरा वर्षांच्या रग्बी खेळाडू मुलीच्या नावाचा. शुक्रवारी तिला मॅच बघायला न्या, काठी घरी ठेवा.

ताई, एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये) बदली आलेला तरुण पोरगा चांगला खेळत असतो आणि मोठा खेळाडू बरा झाला की त्या पोरालाच खाली धाडतात. हा कुठला न्याय? — एक वाचक, सिएटल

तुमचा राग रास्त आहे, पण निर्णय नेहमी खेळावर होत नाही हे आधी समजून घ्या. हंगामात संघाच्या यादीत 23 खेळाडू ठेवता येतात. जखमींच्या यादीत असलेला त्या 23 मध्ये धरला जात नाही. तो परतला की धरला जातो, आणि यादी भरलेली असेल तर कुणाला तरी जावंच लागतं. सामन्यात उतरतात फक्त 20: अठरा स्केटर, दोन गोलरक्षक.

आता जाणार कोण? अनुभवी खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवायचं तर आधी त्याला वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे 24 तास बाकीच्या सगळ्या संघांना त्याला उचलून न्यायची मुभा. नव्या, कमी सामने झालेल्या पोराला ही अट नसते. त्याला सकाळी खाली पाठवा, पुढच्या आठवड्यात परत बोलवा, कुणी उचलत नाही. म्हणून चांगला खेळूनही तोच जातो. संघाला कुणालाच गमवायचं नसतं, आणि त्या हिशेबाची किंमत तो पोरगा भरतो.

उलट बाजूचं उदाहरण तुमच्याच गावात घडलं. नॅशव्हिलने डिसेंबर 2022 मध्ये एली टोल्वानेन या फिन्निश विंगरला वेव्हरवर टाकलं. सिएटल क्रॅकेनने त्याला उचललं. त्या हंगामात त्याने सिएटलसाठी 48 सामन्यांत 16 गोल केले, आणि एप्रिल 2023 मध्ये क्रॅकेनच्या इतिहासातला प्लेऑफमधला, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांमधला, पहिला गोलही त्याचाच, तोही गतविजेत्या कोलोरॅडोच्या मैदानावर. तेव्हा 23 ची यादी करताना 'हा गेला तर गेला' असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याच्याकडे दोनदा बघावं असं मला मनापासून वाटतं.

मी पुण्याचा, सध्या मुलीकडे पिट्सबर्गला आहे. इथे अजून दोन गोलरक्षकांची गोष्ट सांगतात. पहिला गोलरक्षक बरा झाल्यावर जागा त्याचीच असायला नको का? आमच्या काळी मैदानी हॉकीत तसंच होतं. — एक आजोबा

आजोबा, नमस्कार. तुम्ही बसलाय त्या गावाने या प्रश्नाचं उत्तर दोनदा दिलं आहे, आणि दोन्ही वेळा संघ जिंकला.

बाकीच्या जागांवर मधला मार्ग निघतो. परतलेल्याला दहा मिनिटं, मग बारा, मग पंधरा. गोलरक्षकाच्या जागेचे असे तुकडे पडत नाहीत. एक खेळतो, दुसरा बाकावर.

मार्क-आंद्रे फ्लरी हा पिट्सबर्गचा 2009 च्या विजेतेपदाचा गोलरक्षक. 31 मार्च 2016 ला त्याच्या मेंदूला हादरा बसला. मॅट मरे नावाचा 21 वर्षांचा पोरगा पुढे आला आणि त्याने प्लेऑफमध्ये संघ ओढत नेला. टॅम्पाविरुद्धच्या मालिकेत चौथ्या सामन्यात संघ मागे पडल्यावर प्रशिक्षक माइक सुलिव्हननी मरेला काढून फ्लरीला उतरवलं, पाचवा सामनाही त्यालाच दिला. पिट्सबर्ग जादा वेळेत 4-3 असं हरलं. सहाव्या सामन्याला मरे परत आला, ती मालिका जिंकली आणि जूनमध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपदही.

माझं मत असं की फ्लरी त्या दिवशी वाईट नव्हता, बिनसरावाचा होता. सात आठवडे एकही पूर्ण सामना नाही. गोलरक्षकाचं शरीर सरावात तयार होतं, पण चार-पाच जणांच्या गर्दीतून अचानक निघालेला पक वेळेवर दिसणं हे सामन्यातच परत येतं. त्याला ते मिळवून द्यायला उपांत्य मालिकेचा पाचवा सामना ही जागा नव्हती.

पुढच्या वर्षी पारडं फिरलं. एप्रिल 2017 मध्ये पहिल्या सामन्याच्या वॉर्म-अपमध्ये मरेच जखमी झाला. फ्लरी उतरला, कोलंबसला हरवलं, मग वॉशिंग्टनमध्ये सातव्या सामन्यात एकही गोल होऊ दिला नाही. मरे बरा झाला तरी सुलिव्हननी फ्लरीला हलवलं नाही. ओटावाविरुद्ध तिसऱ्या सामन्यात पहिल्याच पिरियडमध्ये चार गोल झाले, तेव्हा मरे आला. अंतिम मालिकेचे शेवटचे दोन सामने त्याने एकही गोल न देता काढले. कप हातात आल्यावर फ्लरीने तो मरेकडे दिला. त्याच महिन्यात फ्लरी वेगासच्या नव्या संघात गेला.

म्हणजे जागा जुन्याची नाही, नव्याचीही नाही. त्या आठवड्यात जो चालतोय त्याची. सुलिव्हननी दोन्ही वर्षी हेच केलं, आणि मला ते योग्य वाटतं. फ्लरीसारख्या माणसाला ते सोसावं लागलं याचं वाईट वाटतं, तेही खरं.

आपल्याकडे मैदानी हॉकीतही असं झालंय. 2017 मध्ये भारताचा गोलरक्षक श्रीजेश याचा गुडघा गेला तेव्हा यवतमाळच्या आकाश चिकटेने भारताचा गोल सांभाळला. भुवनेश्वरला वर्ल्ड लीग फायनलच्या उपांत्यपूर्व सामन्यात बेल्जियमला शूटआउटमध्ये हरवलं, त्यात त्याचा वाटा मोठा होता. श्रीजेश 2018 च्या सुरुवातीला परतला. तो श्रीजेश होता, त्यामुळे जागा कुणाची यावर वाद नव्हता. पण त्या मधल्या महिन्यांत कोण उभं होतं, हे यवतमाळबाहेरही लक्षात राहायला हवं.

टॅम्पाने कुचेरोव्हला हंगामभर 'जखमी' म्हणून बसवलं आणि प्लेऑफला बरोबर बरा करून आणलं. ही सरळ फसवणूक नाही का? — एक वाचक, न्यू जर्सी

हाडामांसाच्या बाजूने आधी उत्तर देते, कारण ते माझं काम. टॅम्पाच्या निकिता कुचेरोव्हच्या खुब्याच्या सांध्यावर डिसेंबर 2020 मध्ये शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेनंतर वरच्या पातळीवर खेळायला चार ते सहा महिने लागतात. तो 16 मे 2021 ला परतला. दुखणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

पण नियम सोयीचा होता. किमान 10 सामने आणि 24 दिवस बाहेर राहणाऱ्या खेळाडूच्या पगाराइतकी रक्कम संघाला पगारमर्यादेच्या, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेच्या, वर खर्च करता यायची, आणि प्लेऑफमध्ये मर्यादाच लागू नव्हती. मर्यादा 8 कोटी 15 लाख डॉलरची, कुचेरोव्हचे एकट्याचे 95 लाख. तो परतला आणि ती जागा भरायला घेतलेले खेळाडूही संघात राहिले. पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल केले, प्लेऑफमध्ये एकूण 32 गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत धरून) मिळवले आणि टॅम्पा विजेता ठरला. लीगने चौकशी केली, नियमभंग सापडला नाही. पुढे वेगासच्या मार्क स्टोनच्या बाबतीतही तीच कुरकुर झाली: 2023 च्या सुरुवातीला पाठीची शस्त्रक्रिया, प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला हजर, आणि कप जिंकून देणाऱ्या शेवटच्या सामन्यात हॅटट्रिक.

2025-26 च्या हंगामापासून ही पळवाट बुजवली आहे. आता प्लेऑफमध्येही उतरणाऱ्या वीस जणांचे पगार मर्यादेत बसावे लागतात. याचा मला आनंद आहे, आणि कारण पैशाचं नाही. जुन्या नियमात 'तू अजून दोन आठवडे थांब' हे खेळाडूला डॉक्टर सांगताहेत की हिशेबनीस, हेच कळत नव्हतं. आता प्लेऑफच्या तारखेपर्यंत एखाद्याला ताटकळत ठेवून संघाच्या हाती पूर्वीइतकं काही लागणार नाही, आणि कधी परतायचं हा निर्णय पुन्हा खेळाडू आणि त्याच्या फिजिओकडे येईल.