आधी नोंदवही शोधा

प्रश्न : बाई, सप्रेम सलाम. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करतो. वय ६१. आमच्या गावात मिशनच्या काळातलं लहानसं चर्च आहे, दगडी भिंती आणि वर कवेलू. गेली नऊ वर्षं त्याला कुलूप आहे. एकेकाळी मंडळीत अठरा घरं होती, आता आमचं एकच उरलं. मुलगी नर्स आहे, दोन वर्षांपासून स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला असते. तिनं एक फोटो पाठवला. तिथल्या जुन्या चर्चमध्ये भिंतीवर दोर बांधून पोरं चढायचा सराव करतात. ती म्हणते, "बाबा, ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांचीच चर्चं विकली जाताहेत, तुम्ही त्या एका खोलीचं काय घेऊन बसलात?" इकडे गावातला एक व्यापारी कापूस ठेवायला ती जागा मागतो, पैसेही बरे देईन म्हणतो. किल्ली माझ्याकडेच आहे. आपला धर्म खरंच संपत चालला आहे का? आणि जागा देऊन टाकावी का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : सलाम. जागा देऊ नका. ती तुम्हाला एकट्याला देताही येणार नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. पण आधी मुलीचं बोलणं घेऊ, कारण तिनं जे पाहिलं ते खरं आहे.

ग्लासगोत असं एक नाही, अनेक चर्चं आहेत. कुठे दोरावर चढायचं केंद्र, कुठे हॉटेल आणि नाटकघर, कुठे राहायचे फ्लॅट. स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत ५१.१ टक्के लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं लिहिलं. चर्च ऑफ स्कॉटलंडचे म्हणवणारे २०११ मध्ये ३२.४ टक्के होते, ते अकरा वर्षांत २०.४ वर आले. इंग्लंड आणि वेल्समध्ये ख्रिस्ती म्हणवणारे २०२१ साली पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली गेले, ४६.२ टक्के. मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच स्कॉटलंडमधून १८४५ मध्ये नागपूरला आले, त्यांच्या नावाचं कॉलेज आजही नागपुरात उभं आहे. ४ सप्टेंबर १८६३ ला नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून आणि बोरीची शाळा तपासून ते परत निघाले आणि रात्री नाल्याच्या पुरात वाहून गेले. शाळा तपासायला थांबले नसते तर सोबत आलेल्या लोकांबरोबर उजेडातच निघाले असते. लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ते आपल्याच गावचे मास्तर वाटायचे. त्यांच्या देशातली चर्चं आज विक्रीला आहेत, हे वाचताना माझ्या पोटात कालवतं. हे तुमच्यापासून लपवत नाही.

पण तुमच्या मुलीला एक गोष्ट सांगा. तिथली माणसं तिथेच राहिली आणि त्यांनी चर्चला जाणं सोडलं. आजी जायची, आई नाताळाला तेवढी जायची, नात जातच नाही. घर तेच, गल्ली तीच. आपल्याकडे तसं झालं नाही. तुमच्या अठरा घरांतली किती घरं देवाला सोडून गेली आणि किती गाव सोडून गेली, हे एकदा बोटांवर मोजा. माझा अंदाज आहे, त्यातली निम्मी आज नागपूर, पुणे, नाशिकला कुठल्यातरी मंडळीत रविवारी बसत असतील. तुमची मुलगी स्वतः त्याच वाटेनं गेली. मिशनच्या दवाखान्यांनी विदर्भात नर्सा घडवल्या, मिशनच्या शाळांनी मास्तर घडवले, आणि नर्सेला नि मास्तरला खेड्यात पगार कोण देणार? शिकलेला माणूस शहरात गेला, हे त्या शाळांचंच फळ आहे. यवतमाळचंच पाहा. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली. तीस वर्षं तिथे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तयार झाले आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. पाळक घडवणारी संस्थाच पुण्याला गेली, तिथे दारव्ह्याच्या खेड्याला पाळक कुठून मिळायचा?

चर्च रिकामी व्हायचं दुसरं कारण जरा अवघड आहे, पण ते टाळलं तर उत्तर खोटं होईल. आपल्या भागातल्या बऱ्याच मंडळ्या महार समाजातून उभ्या राहिल्या होत्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलतींतून बाहेर ठेवलं, आणि ते आजही तसंच आहे. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. माझे वडील पाळक होते, वाशीमकडच्या एका खेड्यात, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात. त्यांच्या मंडळीतली सात घरं त्या आठवड्यात नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परत आली. वडील त्यांच्यावर कधी रागावले नाहीत. ते म्हणायचे, "त्यांना जो मान हवा होता तो आपल्या बाकड्यावर त्यांना मिळाला नाही, हा आपला हिशेब आहे." त्या घरांनी रविवारी येणं सोडलं, पण आमच्या आजीच्या मयतीला खांदा द्यायला सगळी आली. तुमच्या अठरांपैकी काही घरं अशी असतील तर त्यांना "गेलेले" म्हणू नका. त्यांच्या आजा-पणज्यांची नावंही त्याच चर्चमध्ये आहेत.

धर्म संपतो आहे का, याचं मी एवढंच सांगते : जगात ख्रिस्ती २०२० मध्ये सुमारे २३० कोटी होते, दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त. आज सगळ्यात जास्त ख्रिस्ती युरोपात नाहीत, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत आपण दहा लाख ऐंशी हजार होतो, शंभरात एकही पुरता नाही. आपण नेहमीच थोडे होतो. थोडे असणं म्हणजे संपणं नव्हे.

आता चर्चच्या नोंदवहीकडे येते. खरं तर त्यासाठीच मी हे उत्तर लिहायला घेतलं.

माझी आजी छपन्नच्या दुष्काळातली, म्हणजे १८९९-१९०० ची. मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. मी दहा वर्षांची असताना एके दुपारी वडिलांनी चर्चमधलं कपाट उघडलं, लाल कापडी पाठीची जाड वही काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. काळी शाई तांबूस झाली होती. अक्षर मोडी वळणाचं, पण वाचता येत होतं. रकाने होते : नाव, वय, आईचं नाव, बापाचं नाव, गाव, तारीख, साक्षीदार. आजीच्या नावापुढे वय "अंदाजे पाच". आईचं नाव, बापाचं नाव आणि गाव या तिन्ही रकान्यांत एकच शब्द तीनदा लिहिला होता : "अज्ञात". मग तारीख, आणि साक्षीदार म्हणून एका बायबलबाईची, म्हणजे घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या मिशनच्या बाईची, सही. वडील म्हणाले, "आपलं घराणं इथून सुरू होतं. याच्या मागे काही नाही." ती ओळ मी पाठ केली. तेव्हा उतरवून घ्यायला हवी होती, ते सुचलं नाही.

वडील निवृत्त झाले, आम्ही १९७९ मध्ये नागपूरला आलो. मंडळीत तीन घरं राहिली होती, तीही पुढच्या दोन वर्षांत उठली. किल्ली आमच्या घरी, खिळ्याला टांगलेली. जाऊ, पाहू, आणू, असं म्हणत सात वर्षं गेली. १९८६ च्या दिवाळीत मी गेले तेव्हा कवेलू सरकून एका कोपऱ्यातून आभाळ दिसत होतं. कपाटाचं दार उघडलं आणि आतून मातीच भुरभुरली. उधई. लाल पुठ्ठा तेवढा हातात आला, आत सगळा लगदा. माझ्या आजीची ती ओळ आज फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि माझंही आता वय झालं आहे. मंडळीतल्या बाकीच्या माणसांच्या ओळी तर कुणाच्याच डोक्यात नाहीत. हा दोष कुठल्या मिशनचा नाही, सरकारचा नाही. किल्ली आमच्याकडे होती.

तुमच्याकडेही किल्ली आहे, म्हणून हे सविस्तर लिहिलं. उद्याच कुलूप काढा. बाप्तिस्मा, लग्न आणि मयत, अशा तीन वह्या बहुधा असतात. कपाटात, वेदीच्या मागे, बाकड्याखालच्या पेटीत, कधी जुन्या पाळकांच्या घरी माळ्यावर. सापडल्या तर उन्हात टाकू नका, सावलीत वारा द्या. प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि मुलीला पाठवा. तिला सांगा, तुझ्या पणजीचं नाव शोध. ती ग्लासगोत बसून जे काम करू शकेल ते हेच आहे. ज्या घराण्यांची नावं सापडतील त्यांना फोन लावा, बौद्ध झालेल्यांनाही.

विक्रीबद्दल. मिशनच्या जागा मिशनरी जाताना बहुतेक ट्रस्टांच्या नावे झाल्या. तलाठ्याकडून सातबारा काढा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा उतारा घ्या, मालक कोण ते दिसेल. मग धर्मादाय आयुक्तांच्या यवतमाळच्या कार्यालयातून त्या ट्रस्टच्या शेड्यूल एकची नक्कल मागा, म्हणजे विश्वस्त कोण ते कळेल. कोणता ट्रस्ट हे ठरवताना चूक होते, म्हणून सांगते : १९७० मध्ये नागपुरात सहा चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, पण यवतमाळकडे जुनं काम असलेली फ्री मेथडिस्ट तिच्यात नव्हती. अकोल्याकडची अलायन्स नव्हती, वाशीम-बुलडाण्याची नाझरीनही नव्हती. तुमचं चर्च कुणी बांधलं ते भिंतीवरच्या दगडावर पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची इमारत विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते, आणि तीन वर्षांहून जास्त भाड्यानं द्यायलाही लागते. किल्ली असणं म्हणजे मालकी नव्हे. व्यापाऱ्याशी तोंडी बोलणी झाली असतील तर आजच थांबवा, पैसे घेतले असतील तर परत करा. पुढे विश्वस्तांनीच सगळे कागद करून विकायचं ठरवलं तर ती वेगळी गोष्ट. तेव्हाही वह्या आणि दफनभूमी यांचा निकाल आधी लावून घ्या.

तिकडेही सगळंच विकत नाहीत, हे मुलीला कळवा. इंग्लंडमध्ये १९५७ पासून एक संस्था आहे, वाली न उरलेल्या चर्चांना सांभाळणारी, नावच 'फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस'. १९६९ पासून दुसरी एक आहे, तिच्याकडे साडेतीनशेहून जास्त चर्चं आहेत. तिथे रोज उपासना होत नाही, पण छत गळत नाही आणि दार उघडं असतं. आपल्याला एवढी मोठी संस्था नको. तुमच्या गावाला वर्षातून एक दिवस पुरे आहे. नाताळानंतरचा रविवार ठेवा, कारण त्या आठवड्यात शहरातली माणसं गावी येतात. सतरंजी घाला, एक स्तोत्र वाचा, चहा करा. आमच्या गावची एक डोकरी, स्वतः ख्रिस्ती नव्हती, मला १९८६ मध्ये म्हणाली होती, "घंटा वाजत होती तवा आमाले रविवार समजे. आता सारे दिस सारखेच." तुमची घंटा अजून जागेवर असेल तर दोर बदला. अंबाडीचा असो की सुती, दोर ऊन-पावसात कुजतोच.

आणि भिंतीत पिंपळ उगवला असेल, नऊ वर्षांत उगवतोच, तर तो वरून छाटून उपयोग नाही. मुळाशी दगड मोकळा करून काढावा लागतो. कवेलू फेरणारे हात तुमच्याकडे अजून मिळत असतील तर मृग लागायच्या आत फेरून घ्या. वह्या सापडल्या तर मला कळवा, मोडी वळणाचं अक्षर लागलं नाही तर फोटो पाठवा, मी वाचून देते.