स्पॅनिश येत नसताना बोगोतात संसार थाटणं जमेल का?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याची बदली कोलंबियातल्या बोगोताला होतेय, स्पॅनिश येत नाही, लेक सहा वर्षांची आहे, तर आधी त्यांनी एकट्याने जावं की सगळ्यांनी बरोबरच? बरोबरच जा. आम्ही तिघं जानेवारी २०२४ मध्ये कोल्हापूरहून इथे आलो. पहिले तीन महिने जड गेले, पण एकत्र काढले म्हणून निभावले.

पहिला धक्का थंडीचा. विषुववृत्ताजवळचं शहर म्हणून मी सगळे सुती कपडे भरले होते. पण बोगोता २,६४० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही हजारेक मीटर उंच. दुपारी १८-१९ अंश, रात्री ८-९, आणि हे बारा महिने. घरात पंखा नाही आणि हीटरही नाही. पहिला आठवडा जिना चढताना धाप लागायची, लेकीचं डोकं दुखायचं. ते आपोआप थांबतं. पाणी पीत राहा. नळाचं पाणी इथे थेट पितात.

कुकर विसरू नका. या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेल्यात तासभर ठेवूनही माझी डाळ टचटचीत राहिली होती. मिक्सर मात्र घरीच ठेवा, इथली वीज ११० व्होल्टची आहे.

घर शोधताना ‘फियादोर’ हा शब्द कानावर पडेल. म्हणजे स्वतःच्या नावावर घर असलेला जामीनदार. नवख्या कुटुंबाला तो कुठून मिळणार? एका एजन्सीने आमची कागदपत्रं तीन आठवडे ठेवून घेतली आणि शेवटी नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी हॉटेलच्या खोलीत खूप रडले. शेवटी नवऱ्याच्या कंपनीने लेखी हमी दिली तेव्हा घर मिळालं. तुम्ही ही हमी निघण्याआधीच मागून घ्या. घराचा ‘एस्त्रातो’सुद्धा विचारा. वस्त्यांना १ ते ६ असे दर्जे आहेत. ५ आणि ६ वाल्यांना वीज-पाण्याचं बिल जास्त येतं आणि त्यातून खालच्या तिघांना सवलत मिळते. मला ही पद्धत मनापासून पटली, पण बजेट आखताना ती माहीत हवी.

पत्ता समजला की अर्धी भीती जाते. शहराच्या पूर्वेला डोंगरांची रांग आहे. डोंगराला समांतर जाणारे रस्ते ‘करेरा’, त्यांना आडवे ‘काये’. ‘काये ७२, १०-३४’ म्हणजे काये ७२ वर, करेरा १० पासून ३४ मीटर. दोन दिवसांत मी डोंगर बघून दिशा ओळखायला लागले. फोन मात्र रस्त्यात हातात धरून चालू नका. ‘पपई देऊ नका’ असं इथे म्हणतात, म्हणजे चोराला आयती संधी देऊ नका.

आता भाषा. इथली माणसं लेकराशीही ‘उस्तेद’ म्हणून बोलतात, म्हणजे अहो-जाहो. त्याहून गोड ‘सू मेर्सेद’. आमच्या इमारतीचे वयस्कर वॉचमन माझ्या लेकीलाही तसंच म्हणतात. एका पावसाळी संध्याकाळी आम्ही भिजून आलो, तर त्यांनी थर्मासमधून दोन कप भरून पुढे केले. पहिल्या घोटालाच मी थबकले. तो गूळ होता! गरम पाण्यात विरघळलेला गूळ, वर लिंबू. ‘आग्वापानेला’ म्हणतात त्याला, आणि गुळाला ‘पानेला’. माझ्याकडे तेव्हा ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, एवढा एकच शब्द होता, तो मी चार वेळा म्हटला.

आम्ही आलो तेव्हा डोंगरांवर वणवे पेटले होते, इतका कोरडा मोसम होता. एप्रिलमध्ये धरणं आटली आणि पाणीकपात लागली: शहराचे नऊ भाग, दर दहा दिवसांनी चोवीस तास नळ बंद. ती पुढे वर्षभर चालली. शेजारीण घाबरली होती. मी तिला बादल्या, पातेली आदल्या रात्री कशी भरून ठेवायची ते हातवाऱ्यांनी दाखवलं. तिथून आमची मैत्री जुळली आणि माझं स्पॅनिश खरं तिच्याच स्वयंपाकघरात सुरू झालं. रविवारी सकाळी सात ते दोन शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते सायकलींसाठी मोकळे ठेवतात. १९७४ पासूनची पद्धत आहे ही. लेक तिथेच त्या शेजारणीच्या मुलाबरोबर सायकल शिकली.

तिच्याच कुटुंबाने आम्हाला वियेता नावाच्या गावी नेलं. बोगोताहून डोंगर उतरून खाली गेलं की उकाडा सुरू होतो, दोन्ही बाजूंना ऊस. तिथलं गुऱ्हाळ, त्यांचं ‘त्रापिचे’, बघताना माझे पाय हलेनात. चुलवाणात चिपाडाचाच जाळ, ओळीने काहिली, रसावर आलेली मळी झाऱ्याने काढणारा माणूस. आपल्याकडे मळी धरायला भेंडीचा चीक घालतात, तिथे एका झाडाची साल ठेचून घालतात. मी शेजारणीला म्हटलं, माझ्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. तिने ते त्या गुळव्याला सांगितलं. त्याने काहीच न बोलता साच्यात ओतायच्या आधीचा गरम गूळ लाकडी उलथन्यावर घेतला, फुंकर मारली आणि आधी लेकीच्या हातावर ठेवला.