लक्ष्मी रस्त्यावर लग्नाचा बस्ता एका दिवसात होईल का?

तुम्ही विचारलंय की लातूरहून सातजण कारने रविवारी पुण्याला येताय, बस्ता एका दिवसात आटपेल का, की गर्दीतच हाल होतील. माझं सासर नारायण पेठेत. सत्तावीस वर्षांत घरचे-दारचे दहा तरी बस्ते पाहिले असतील. आटपेल, पण रविवार, कार आणि सातजण यातलं निदान दोन सोडा.

आधी कारचं. लक्ष्मी रस्ता एकेरी आहे. दुकान मागे पडलं की पेठांचा वळसा घालून परत येईस्तोवर नवरीचा मूड गेलेला असतो. गल्लीत जागा मिळालीच तर पाटी वाचा: पी-१ म्हणजे विषम तारखेला गाडी लावा, पी-२ म्हणजे सम तारखेला. मी पेठेतली असून नणंदेच्या लग्नात फसले. तारीख १४ आणि स्कूटर पी-१ ला. शालू घेऊन बाहेर येते तो गाडी उचललेली. दंडाचं काही नाही हो, डिकीत दिवसभर हिंडून जमवलेलं मॅचिंग होतं.

म्हणून कार स्वारगेटच्या अलीकडे कुणा पाहुण्यांकडे ठेवा आणि मेट्रोने मंडईला उतरा. सप्टेंबर २०२४ पासून ही सोय झाली आहे. तिथून तुळशीबागेतून लक्ष्मी रस्ता दहा मिनिटांवर. बायका बरोबर असतील तर पाऊण तास धरा, कारण तुळशीबागेत कानातलं न बघता पुढे जाणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. तरी जाताना थांबू द्यायचं नाही. बांगड्या, टिकल्या, परकर, रुखवताची भांडी हे सगळं परतीच्या वाटेवर. नाहीतर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पथारीवाले आणि दुचाक्या यांच्या मधून शालू शोधत फिराल.

साडीच्या दुकानात खरी परीक्षा. गादीवर बसवतात, चहा देतात, समोर साठ साड्या उलगडतात. मग त्या ढिगाकडे बघून उठायची लाज वाटते आणि माणूस नको ती घेऊन येतो. बिनधास्त उठा, घड्या घालणं त्यांचं रोजचं काम आहे. आवडलेली साडी मात्र दाराशी नेऊन उजेडात बघा. आतल्या दिव्यांखाली घेतलेला मोरपंखी आमच्याकडे घरी येऊन चक्क निळा निघालाय. आणि आत तिघंच जा: नवरी, पैसे देणारा, आणि तोंडावर 'नको' म्हणू शकणारी एक आत्या. बाकीच्यांना आहेराच्या साड्यांसाठी रविवार पेठेत कापडगंजात पाठवा, तिथे ठोकात स्वस्त पडतं.

एक गोष्ट पुरुष लिहीत नाहीत. या रस्त्यावर बाईमाणसाला धड स्वच्छतागृह सापडत नाही. माझ्या सासूबाई खरेदीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नसत, मग संध्याकाळी डोकं धरून बसायच्या. तसं करू नका. जेवायला बसायचं हॉटेल आधी हेरा आणि मोठ्या दुकानात सरळ विचारा. हजारोंची खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला सहसा नाही म्हणत नाहीत.

रविवारऐवजी मंगळवार-बुधवार बघा, सकाळी दुकानं उघडताना. २०२१ च्या ११ डिसेंबरला महापालिकेने पादचारी दिन म्हणून नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद ठेवल्या होत्या. इतकी वर्षं इथे राहून त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, हा रस्ता चांगला रुंद आहे.

ब्लाउज मात्र लातूरलाच शिवा. लग्नसराईत इथला शिंपी देईल ती तारीख नुसती ऐकून घ्यायची असते.