आत्याबाईंच्या दोरीवर दुधाच्या पिशव्या

या वेळची पत्रं जवळजवळ सगळी एकाच दुखण्याची आहेत: घरातली काटकसर आणि तिच्यापायी चारचौघांत वाटणारी लाज. पहिलं पत्र लांब आहे, पण त्यातली माणसं घरोघरची आहेत म्हणून फारसं कापलं नाही.

प्रश्न: काकू, माझं माहेर नागपूरचं, सासर आर्वी तालुक्यातल्या खेड्यात. हे तालुक्याला नोकरीवर, मामाजी-आत्याबाई, म्हणजे सासरे-सासू, तीन एकर वावर पाहतात. आत्याबाई मायाळू आहेत, पण त्यांच्या काटकसरीनं मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. गाय विकल्यापासून दूध पिशवीचं येतं. त्या पिशव्या धुऊन कपड्यांच्या दोरीवर, माझ्या साड्यांच्या शेजारी चिमटे लावून वाळत घालतात. येणारा-जाणारा पाहतो. एक शेगडी पेटलेली असली की दुसरीसाठी नवी काडी ओढू देत नाहीत, जळकी काडीच पुन्हा पेटवायची. सकाळची चहापत्ती संध्याकाळी परत उकळतात. रिचार्ज मारलेला असला तरी मिस कॉलच देतात. ओटीत आलेला ब्लाउजपीस शिवत नाहीत, तो पेटीत जातो आणि दुसऱ्या कुणाच्या ओटीत निघतो. लग्नाला जाताना पिशवीत स्टीलचा डबा असतो, येताना त्यात बुंदी असते. मे महिन्यात माझी बहीण आणि जिजाजी आले होते. जेवून न्हाणीवर हात धुवायला गेले तेवढ्यात आत्याबाईंनी कूलर बंद केला! यांना सांगितलं तर म्हणतात, "माय तशीच हाय, तू नको लक्ष देऊ." मी काय करू?
— एक सून, आर्वी तालुका

उत्तर: सूनबाई, तुम्ही लिहिलेल्या निम्म्या गोष्टी माझ्याही घरात चालतात, तेव्हा पंच म्हणून मी काही फार निःपक्षपाती नाही.

आधी पैशाचं पाहू. तुमच्या यांचा पगार महिन्याला येतो. आत्याबाईंच्या हातात मात्र जन्मभर पैसा आला तो दसरा-दिवाळीनंतर. सोयाबीन निघालं, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापसाची वेचणी लागली, गाडी जिनिंगवर रिकामी झाली, की मग. आणि जातो तो मृगात, एका झटक्यात. तीन एकरांत कापूस टाकायचा तर बीटीची सहा पाकिटं तरी लागतात. 475 ग्रॅमच्या पाकिटाचा सरकारनं ठरवलेला भाव 2024 च्या खरिपात 864 रुपये होता. म्हणजे नुसतं बीच पाच हजारांच्या वर, खत, निंदण, डवरणी वेगळीच. त्यात पावसानं दडी मारली तर दुबार पेरणी. तिथून दिवाळीपर्यंत घरात तेल-मीठही उधारीवर येतं. खताचा भाव बाईच्या हातात नसतो, कापसाचा तर नसतोच. हातात असते काडी, चहापत्ती आणि पिशवी. असे सगळे पावसाळे ज्या बाईनं काढले तिला एक तारखेचा पगार दिसतो, पण तिच्या हाताला तो अजून पटलेला नाही.

आता पिशव्या. ही सवय मोडू नका, दोरी हलवा. कोठ्याकडच्या (गुरांच्या गोठ्याकडच्या) बाजूला एक वेगळी दोरी तुम्ही स्वतः बांधून द्या आणि म्हणा, "आत्याबाई, इकडं ऊन चांगलं लागते." लाजेचं नाव काढू नका. धुताना आधी थंड पाणी, मग साबण. पहिल्यांदाच कढत पाणी घातलं तर दुधाचा थर आत चिकटून बसतो आणि वास जाता जात नाही. पिशवी उलटी करून वाळवा. उघडताना कोपऱ्याचा तुकडा तोडून टाकू नका, नुसती चीर द्या. तो टीचभर तुकडाच नालीत आणि उकिरड्यावर जातो आणि कुणी वेचत नाही. माझ्याकडे पपईची आणि शेवग्याची रोपं याच पिशव्यांत होतात. तळाला चार भोकं पाडायची, माती-शेणखत भरायचं, दोन बिया टोचायच्या. पाऊस लागला की पिशवी फाडून रोप बांधावर. तुमच्या आत्याबाई त्या पिशव्यांचं काय करतात हे पत्रात कुठंच नाही. विचारलंत का कधी?

जळक्या काडीचं सोडून द्या, ती तुमच्या स्वयंपाकघराबाहेर कुणाला दिसत नाही. चहापत्ती त्याच दिवशी दुसऱ्यांदा उकळली तर कुणी आजारी पडत नाही, फक्त चहा फिक्का होतो. ओली पत्ती रात्रभर ठेवून सकाळी वापरू देऊ नका, तिला बुरशी धरते. पाहुण्यांचा चहा मात्र तुम्हीच करायला घ्या. मिस कॉल ही जुनी खोड आहे. मिनिटामिनिटाला पैसे तुटत तेव्हा एक रिंग म्हणजे "पोहोचलो" आणि दोन म्हणजे "तू लाव" असे घरोघरी ठराव होते. आता तुम्हीच त्यांच्या बहिणीला फोन लावून त्यांच्या कानाला द्या आणि बाजूला व्हा. एकदा अर्धा तास बोलल्या की पुढचं त्या पाहतील.

कूलरच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची. विदर्भातला मे, पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि जावई घामानं निथळतोय! साधा कूलर साधारण 200 वॉटचा असतो, म्हणजे पाच तास चालला तर एक युनिट. हात धुऊन यायला पाच मिनिटं लागली असं धरा. तेवढ्यात वाचलं एका युनिटचा साठावा हिस्सा. युनिटला दहा रुपये धरले तरी सोळा-सतरा पैसे. हा हिशेब आत्याबाईंसमोर कागदावर मांडा, तुमच्या यांच्या आवाजात नको, तुमच्याच. वाचवणाऱ्या बाईला हिशेब कळतो, उपदेश कळत नाही. आणि जिथं खरंच वीज वाचते ते दाखवा: न्हाणीत किंवा कोठ्यात जुना 60 वॉटचा पिवळा दिवा असला तर त्या जागी 9 वॉटचा एलईडी लावा. पाहुण्यांसमोर बटण दाबायची गरज राहत नाही.

ब्लाउजपीसचं म्हणाल तर बाई, आपल्याकडे हा रिवाजच आहे, कुणी कबूल करत नाही एवढंच. ओटीत येणारे निम्मे तुकडे अंगाला पुरत नाहीत, उरलेल्यांचा रंग पहिल्या धुण्यात बादलीत उतरतो. शिवणार कोण? एकदा मी एका गुलाबी तुकड्याच्या कोपऱ्यात गंमत म्हणून निळ्या दोऱ्याचा टाका घातला. तो गावभर हिंडून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्याच ओटीत परत आला, घडीसुद्धा तशीच! तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला कुणाकडून आला त्याची चिठ्ठी टाचते. एकच धोका असतो, ज्या घरचा तुकडा त्याच घरी परत जाण्याचा, तो चिठ्ठीनं टळतो. चिठ्ठ्या लिहायचं काम तुम्ही घ्या, आत्याबाईंना आवडेल. मात्र द्यायच्या आधी चिठ्ठी काढायला विसरू नका.

राहिली बुंदी. शेवटची पंगत उठली, कढईत उरलं आणि घरधनीणच म्हणाली, "घेऊन जा बाई, लेकरायले होईन," तर त्यात लाज नाही. नाहीतरी सकाळी ते गुरांपुढेच पडणार असतं. पण पंगती बसायच्या असताना डबा पुढे करणं म्हणजे यजमानाच्या अंदाजावर घाला आहे. वऱ्हाड मोठं निघालं आणि गोड कमी पडलं की त्याची इज्जत जाते. डबा नेऊ द्या, पण तुमच्या पिशवीत ठेवा. कधी काढायचा ते मग तुमच्या हातात राहील.

प्रश्न: पोळ्याला करंज्या तळलेलं तेल मी बरणीत ठेवून पुढच्या तळणाला काढते. जावा हसतात. कितीदा चालतं?
— चंद्रपूर जिल्हा

उत्तर: तळणाला एकदाच. तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात नको ते घटक तयार होतात. धंदेवाल्यांसाठी तर 1 जुलै 2018 पासून तेलातल्या या घटकांची मर्यादाच 25 टक्के ठरवून दिली आहे. आपल्या घरात ते मोजायला यंत्र नाही, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवा. उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा. काळं पडलं, फेस धरला, लवकर धूर सुटला की त्याचा स्वयंपाकाशी संबंध संपला. करंज्या लहान कढईत तळा, तेल उरतंच थोडं.

प्रश्न: फवारणीच्या औषधाचा पाच लिटरचा डबा मजबूत असतो, फेकवत नाही. साबणानं दोनदा धुऊन त्यात वावरात प्यायचं पाणी नेतो. घरची म्हणते लोक हसतात.
— कास्तकार, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, लोकांच्या हसण्याचं सोडा, हे आजच बंद करा. औषध प्लॅस्टिकच्या अंगात मुरतं, साबणानं निघत नाही. 2017 च्या पावसाळ्यात तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त कास्तकार-मजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. ते विष फवारताना अंगाला लागलं होतं, श्वासातून गेलं होतं. तुम्ही तर ते पिण्याच्या पाण्यात नेताय. लेबलावरचा रंगीत त्रिकोण पाहा: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा असला तरी तो पाण्याचा डबा होत नाही.

वाचवायचंच असेल तर औषध वाचवा. डबा रिकामा झाला की तीनदा खंगाळून ते पाणी पंपातच ओता, पैशाचा थेंब वाया जात नाही. मग खिळ्यानं भोकं पाडा, म्हणजे दुसरा कुणी उचलून नेणार नाही. जाळू नका, विहिरीजवळ तर टाकूच नका. पाण्याला घरात जुनी छागल असेल तर ती काढा, पाणी थंडही राहतं.

प्रश्न: बाबा घरचंच सोयाबीन बियाणं म्हणून पेरतात. मित्र म्हणतात, "तुझा बाप लय कंजूस."
— विद्यार्थी, वरूड तालुका

उत्तर: मित्रांना सांग की सोयाबीनचं बी सरळ वाणाचं असतं, दोन-तीन वर्षं घरचं चालतं. कपाशीच्या संकरित बियाण्याचं तसं होत नाही, ते दरवर्षी घ्यावंच लागतं. फक्त पेरणीआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवडाभर ओल टिकवायची. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलोनं पेरा. साठ-पासष्ट आले तर बी थोडं वाढवा. त्याहून कमी असले तर ते विकून टाका. पोती एकावर एक रचू नका आणि आपटू नका, सोयाबीनची साल पातळ असते, आतला कोंब मरतो. हे बाबांना ठाऊक असेलच, मित्रांसाठी लिहिलं.

प्रश्न: टूथपेस्टची ट्यूब कापून आतली पेस्ट आठवडाभर वापरणं बरं दिसतं का? बायको वापरते.
— अकोट तालुका

उत्तर: दिसायला कोण येतं तुमच्या न्हाणीत? वापरू द्या. उभी नका कापू, मधोमध आडवी कापा. वरचा तुकडा खालच्यावर टोपणासारखा बसतो आणि पेस्ट सुकत नाही.