मान कायम दुखत असेल तर म्हातारपणी जीभही कमजोर होते का?

तुमचे वडील ७४ वर्षांचे. मान कित्येक वर्षांपासून दुखतेय, डोकं पुढे झुकलेलं. हल्ली भाकरीचा घास तोंडात घोळत राहतो, गोळी गिळताना ठसका लागतो. हे मानेमुळे होतंय का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि ही जोडी मला अधूनमधून दिसते. संबंध असू शकतो, पण सगळं खापर मानेवर फोडू नका.

आधी स्वतःच करून बघा. ताठ बसून आवंढा गिळा. मग मान कासवासारखी पुढे काढून गिळा. शेवटी हनुवटी छताकडे करून गिळा. शेवटच्या वेळी चांगलाच जोर लागतो ना?

हनुवटीखाली, गळ्याच्या वरच्या टोकाला घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड असतं, हायॉइड. जिभेचं मूळ त्याला धरून असतं, पण त्याचा स्वतःचा मात्र दुसऱ्या कुठल्याच हाडाशी सांधा नाही. वरून जबडा आणि कवटी, खालून छातीचं हाड, एवढंच काय, खांद्यामागचं हाडसुद्धा, इथून येणारे स्नायू त्याला मांडवाच्या दोऱ्यांसारखे ताणून धरतात. डोकं कायमचं पुढे आलं की दोऱ्यांचा ताण बदलतो, आणि जिभेला गैरसोयीच्या जागेवरून काम करावं लागतं.

त्यात वय. जीभ टाळूवर जास्तीत जास्त किती जोरात दाबता येते, हे हवेचा छोटा फुगा तोंडात ठेवून मोजतात. जपानमध्ये ३० किलोपास्कलपेक्षा कमी दाब हा जीभ कमजोर झाल्याचा निकष धरतात. साधा घास गिळायला लागणारा जोर वयाबरोबर फारसा कमी होत नाही, कमाल ताकद मात्र उतरते. म्हणजे खर्च तोच, शिल्लक आटत जाते. अशा वेळी मानेची अडचण जास्त जाणवते.

आता वडिलांचं. ते तांब्यातून वरून पाणी पितात का? आपल्याकडची ही सवय म्हातारपणी बंदच करायला हवी. मान मागे टाकली की पाणी जीभ सावरायच्या आत घशात उतरतं आणि श्वासनलिकेत जायची भीती वाढते. गोळी घेतानाही मान मागे झटकायची नाही. पेल्याला ओठ लावून, हनुवटी किंचित खाली ठेवून छोटे घोट. जेवताना पाठीला आधार, आणि टीव्ही बंद (यावर घरात भांडण होईल, होऊ द्या).

जीभ हा स्नायूच आहे, व्यायामाने सुधारतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सत्तरीपुढच्या निरोगी माणसांनी आठ आठवडे जीभ दाबायचा व्यायाम केला आणि ताकद वाढली. पण किती आणि कसा करायचा, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या. मानेचे व्यायाम सोबत चालू ठेवा.

मात्र जीभ एकाएकी जड झाली, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं तर तो पक्षाघात असू शकतो, तडक हॉस्पिटल गाठा. वजन उतरणं, जेवल्यावर आवाज ओला घोगरा होणं, वारंवार छातीत कफ, हात थरथरणं यांपैकी काही असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना लवकर दाखवा.

आणि गोळी गिळवत नाही म्हणून कुटून देत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या फोडायच्या नसतात.